दुसरा कुत्रा दिसला की धावून जाणारा कुत्रा: सावरायचं कसं, कोणत्या क्रमाने

दुसरा कुत्रा दिसला की पट्ट्याला हिसके देत भुंकणारा, दात विचकणारा कुत्रा घरात असला की बहुतेक जण एकाच जागी चुकतात. कुत्रा भुंकायला लागल्यावर ते कामाला लागतात. ओरडतात, पट्टा आवळतात, खाऊ नाकापुढे नाचवतात, नाहीतर 'अरे, मित्र आहे तो' म्हणत आणखी जवळ नेतात. त्या क्षणी कुत्रा काहीही शिकण्याच्या अवस्थेत नसतो. शिकवायचं असतं ते भुंकण्याच्या आधी, तो अजून विचार करू शकतोय अशा अंतरावर. पुढचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

टप्प्यांचा क्रम मोडू नका. आमच्या कुत्रीच्या वेळी मी थेट रस्त्यावरच्या सरावापासून सुरुवात केली आणि तीन महिने हाती काही लागलं नाही. तिचे दोन्ही कान आतून सुजलेले होते, हे नंतर कळलं.

## टप्पा १: दुखणं नाही ना, ते आधी पाहा

दुखत असलेला कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. धक्का लागेल, अंगावर उडी पडेल, ही भीती त्याला असते. संधिवात, खुब्याच्या सांध्यातला दोष, कानाचा संसर्ग, किडलेले किंवा तुटलेले दात, त्वचेची खाज, नजर किंवा ऐकणं कमी होणं, थायरॉईडचा बिघाड, यांतलं काहीही चिडखोरपणाच्या मागे असू शकतं. कुत्रे दुखणं लपवतात, म्हणून 'लंगडत तर नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. पायऱ्यांपाशी थबकतो का, नेहमी एकाच कुशीवर बसतो का, डोकं वारंवार झटकतो का, ठरावीक जागी हात लावला की मान वळवतो का, हे पाहून डॉक्टरांना सांगा. घरातल्या हालचालींचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवा, कारण दवाखान्यात तो घाबरून वेगळाच वागतो.

'लहानपणी तर सगळ्यांशी खेळायचा' हे बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, आणि ते खरंही असतं. साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रा वयात येऊन पोक्त होतो आणि पिल्लूपणी चालवून घेतलेल्या गोष्टी त्याला नकोशा होऊ शकतात. तुमचं काही बिघडलं, असा याचा अर्थ नाही. नसबंदीने हा त्रास आपोआप थांबेल असंही धरून चालू नका. कुत्रा भित्रा असेल तर त्याबाबतचा निर्णय आणि वेळ डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा.

पडताळा: डॉक्टरांनी सांधे हाताने तपासले, कानात पाहिलं, तोंड उघडून दात पाहिले? यांतलं काही राहिलं असेल तर पुन्हा वेळ घ्या. वागणं अचानक बदललं असेल तर हा टप्पा अजिबात टाळू नका.

## टप्पा २: एक आठवडा फक्त बघा आणि लिहा

बाहेरून सगळं सारखंच दिसतं, पण आत वेगवेगळं चाललेलं असतं.

भित्रा कुत्रा 'लांब हो' म्हणून भुंकतो. आधी तो मागे रेलतो, शेपूट खाली घेतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, जांभया देतो. हे सगळं करूनही समोरचा येतच राहिला, की मग अंगावर जातो. अधीर कुत्र्याला दुसऱ्याकडे जायचंच असतं, पट्टा आडवा येतो म्हणून तो चेकाळतो. मोकळ्या जागी ओळखीच्या कुत्र्यांशी तो ठीक असतो. तिसरा एखादी गोष्ट राखत असतो: घर, गाडी, खाऊ, चेंडू किंवा तुम्हाला स्वतःला. एकाच कुत्र्यात दोन कारणंही असतात. तिन्हींवरचा मूळ सराव सारखाच आहे, पण राखणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ती वस्तू समोरून हटवल्याशिवाय सराव लागू पडत नाही.

वहीत प्रत्येक प्रसंगाच्या या नोंदी ठेवा:

- दुसरा कुत्रा किती पावलांवर होता
- केवढा होता, चालत होता की उभा, पट्ट्यावर की मोकळा
- आपल्या कुत्र्याने सगळ्यात आधी काय केलं
- शांत व्हायला किती वेळ लागला
- त्याच दिवशी आधी काही घडलं होतं का (फटाके, पाहुणे, दवाखाना, झोपमोड)

तिसऱ्या नोंदीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक कुत्र्याची भुंकण्याआधीची एक खूण असते आणि ती तुम्हाला पाठ हवी. आमच्या कुत्रीची खूण तोंडाची आहे. चालताना तिचं तोंड अर्धवट उघडं असतं, जीभ एका बाजूला लोंबत असते. लांब वळणावर दुसरा कुत्रा आला की ते तोंड मिटतं. भुंकणं नाही, ओढणं नाही. फक्त श्वास रोखल्यासारखं तोंड मिटतं आणि पुढचा उजवा पंजा जमिनीवर टेकायचा राहून जातो. तिथून मला दीड-दोन सेकंद मिळतात. नंतर मानेवरचे केस उभे राहतात, शेपूट काठीसारखी ताठ होते, आणि मग मी काहीही म्हटलं तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कितीतरी दिवस मी केस उभे राहण्याची वाट बघत होते. तोवर उशीर झालेला असायचा.

दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यात ही खूण एकटक रोखलेली नजर असेल, कुठे डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कुठे नुसतं गोठून उभं राहणं.

सूचना: गुरगुरणं ही खोडी नाही, ती पूर्वसूचना आहे. गुरगुरल्याबद्दल मारलं-ओरडलं तर कुत्रा गुरगुरायचं सोडतो, चावायचं सोडत नाही. मग तो काही न सांगता चावतो.

### एकट्याने करण्यासारखं आहे का?

भांडणं किती झाली यापेक्षा त्यांत लागलं किती, हे महत्त्वाचं. आठ-दहा वेळा आरडाओरडा झाला आणि कुणालाच टाका पडला नाही, तर तुमचा कुत्रा चावताना जोर आवरतोय. दोनच भांडणं आणि दोन्हींत खोल जखमा, हे प्रकरण वेगळं आहे. चावून सोडत नाही आणि झटके देतो, छोट्या कुत्र्यामागे शिकार असल्यासारखा गुपचूप धावतो, बिथरल्यावर वळून घरच्यांनाच चावलाय: यांतलं एकही असेल तर प्रत्यक्ष मार्गदर्शन घ्या. अशा वेळी घरच्या घरी निभावण्यासारखे टप्पे फक्त पहिले चार.

प्रशिक्षक निवडताना एक प्रश्न विचारा: 'कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?' उत्तरात गळफास पट्टा, काट्यांची कॉलर, विजेचा झटका, पाठीवर पाडून दाबणं आलं तर तिथून निघा. दुसरा कुत्रा दिसल्यावर गळ्याला कळ येत असेल, तर कुत्रा दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडतो: तो आला की दुखतं. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात आक्रमक कुत्र्यांसह सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापरायला सांगितल्या आहेत.

## टप्पा ३: दोन आठवडे सगळ्या भेटी बंद

लोकांना हा टप्पा नको असतो. 'पळून कसं चालेल, सवय व्हायला नको का?' सवय होत असते, फक्त धावून जायची. प्रत्येक वेळी तो भुंकतो, समोरचा कुत्रा आपल्या वाटेने निघून जातो, आणि भुंकण्याचा उपयोग झाला असं त्याला पटतं.

शिवाय ताण साचतो. सकाळी एक भांडण, दुपारी दारावरची बेल, संध्याकाळी लांबवर दिसलेला कुत्रा. एरवी त्याने सोडून दिलं असतं, त्यावर आज तो उसळतो. साचलेला ताण उतरायला काही तास, कधी दोन-तीन दिवसही लागतात. दोन आठवडे त्यासाठीच आहेत.

करायचं ते एवढंच: फिरायची वेळ आणि वाट बदला. ज्या खिडकीतून किंवा गेटमधून तो येणाऱ्याजाणाऱ्या कुत्र्यांवर भुंकतो ती खालून झाका. दोन वेळा फिरवणं जमत नसेल तर एक वेळ कमी करा आणि घरात हुंगायचे खेळ द्या; टॉवेलच्या घड्यांत, कागदी खोक्यात खाऊ लपवा, चघळायला द्या. हुंगण्याने आणि चघळण्याने कुत्रे शांत होतात. दमवण्यासाठी तासन्‌तास चेंडू फेकत बसू नका. त्याने काही कुत्रे आणखी चेकाळतात.

पडताळा: दोन आठवड्यांत तीनपेक्षा जास्त प्रसंग घडले असतील तर व्यवस्था अजून जमलेली नाही. ती सुधारा, आणखी एक आठवडा द्या.

## टप्पा ४: सामान, आणि मझलची सवय

हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीला बसणारा पट्टा. छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा. मान मागे ओढून निसटता येणार नाही असा घट्ट, पण दोन बोटं आत जातील एवढा सैल. ताकदवान कुत्र्याला हार्नेस आणि कॉलर दोन्हींना जोडलेला पट्टा किंवा जोडकडी लावा, म्हणजे एक सुटलं तरी दुसरं राहतं.

पट्टा. दोन ते तीन मीटर लांब, साधा, न ताणणारा. आपोआप गुंडाळला जाणारा दोरीचा पट्टा या कामाला चालत नाही. त्यात सतत ताण असतो, आणि ऐन वेळी हाताला कापतो. पट्टा मनगटाला गुंडाळू नका. अंगठ्यात फास अडकवून मूठ मिटा.

खाऊ. रोजचं खाणं नको. फक्त याच कामासाठी राखून ठेवलेलं, मऊ, वासाचं काहीतरी, उदाहरणार्थ उकडलेलं बिनमिठाचं चिकन. तुकडे वाटाण्याएवढे. एका सरावाला पन्नास-साठ तुकडे लागतील, तेवढं जेवणातून कमी करा.

मझल. जाळीचं, पिंजऱ्यासारखं मुसकंच घ्या. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता यायला हव्यात, पाणी पिता आणि खाऊ खाता यायला हवा. तोंड आवळून धरणारं कापडी मुसकं दवाखान्यातल्या दोन-चार मिनिटांपुरतं असतं. ते घालून चालवलं तर कुत्रा अंगातली उष्णता बाहेर टाकू शकत नाही.

मझल आणलं आणि घातलं, की कुत्रा पंजांनी ओरबाडून काढतो आणि पुन्हा जवळ येऊ देत नाही. म्हणून असं करा:

1. पहिले दोन दिवस मझल नुसतं समोर आणा, खाऊ द्या, लपवा.
2. मग मझलच्या आत पुढच्या टोकाला खाऊ ठेवा. नाक त्याने स्वतः घालायचं. तुम्ही मझल त्याच्याकडे सरकवायचं नाही.
3. नाक आत असताना जाळीतून आणखी दोन-तीन तुकडे द्या, म्हणजे तो आतच थांबेल. पाच सेकंद, दहा सेकंद.
4. दहा सेकंद सहज थांबायला लागला की मानेमागचा पट्टा नुसता धरा, सोडा. बक्कल लावायची घाई नको.
5. बक्कल लावा, पाच सेकंद, खाऊ, काढा. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, घरात एक फेरी.
6. शेवटी बाहेर. पहिल्या काही फेऱ्या जिथे एकही कुत्रा नाही तिथे.

याला दहा दिवस ते तीन आठवडे लागतात. मझल फक्त कुत्रे दिसायच्या वेळीच घातलं तर ते वाईट बातमीची खूण होऊन बसतं. आमची कुत्री आता मझल हातात दिसलं की स्वतः नाक घालून शेपूट हलवते, कारण तिच्या लेखी ती चिकनची वाटी आहे.

सूचना: मझल आहे म्हणून जवळ न्यायचं नाही. ते अपघातासाठी आहे, धीटपणासाठी नाही.

## टप्पा ५: घरात तीन गोष्टी पक्क्या करा

नाव घेतल्यावर वळणं. नाव एकदाच, हळू. वळला की लगेच खाऊ. दिवसातून वीस वेळा, वेगवेगळ्या खोल्यांत. रागावताना नाव वापरायचं नाही.

परत फिरणं. एक शब्द ठरवा, समजा 'चल वळू'. चालता चालता शब्द उच्चारा, उलटे फिरा, तो मागे आला की खाऊ. सुरुवातीला वळल्यानंतर पाच-सहा पावलं खाऊ देत चला. बोलताना आवाज आनंदी हवा, कारण ऐन वेळी तो कापरा होतो आणि कुत्र्याला ते कळतं. म्हणून हाच एक शब्द शंभरदा तरी शांतपणे म्हणून झालेला हवा.

'शोध'. शब्द म्हणा आणि मूठभर खाऊ जमिनीवर विखरा. नाक खाली जातं, नजर तुटते, अंग सैल पडतं.

पडताळा: तिन्ही गोष्टी घरात, मग जिन्यात किंवा अंगणात, मग रिकाम्या रस्त्यावर दहापैकी नऊ वेळा जमल्या पाहिजेत. रिकाम्या रस्त्यावर न जमणारी गोष्ट कुत्र्यासमोर जमणार नाही.

## टप्पा ६: तुमच्या कुत्र्याचं अंतर शोधा

जिथे तो दुसऱ्या कुत्र्याला बघतो, पण खाऊ नेहमीसारखा हळुवार घेतो आणि नावाला वळतो, ते त्याचं कामाचं अंतर. खाऊ हिसकावून, बोटांना दात लावत घेतोय म्हणजे सीमेवर आहे. खातच नाही म्हणजे सीमा ओलांडलीत, मागे जा.

हे अंतर पंधरा मीटर असेल, नाहीतर शंभर. शंभर निघालं म्हणून हिरमुसू नका. रुंद मैदानाची कड, मोठं पार्किंग, लांबून दिसणारा रस्ता, अशी जागा निवडा जिथे दुसरे कुत्रे ठरावीक वाटेने जातात आणि तुम्हाला मागे सरकायला मोकळी जागा आहे. अरुंद गल्ली, जिना, लिफ्ट या सरावाच्या जागा नव्हेत. दुसऱ्यांच्या कुत्र्यांना न सांगता वापरायचं असल्यामुळे तुमचा कुत्रा त्यांना त्रास देऊ शकेल इतक्या जवळ कधीच थांबू नका.

## टप्पा ७: मुख्य सराव

1. ठरलेल्या अंतरावर उभे राहा. पट्टा सैल, हात खाली, खाऊच्या पिशवीपासून दूर.
2. दुसरा कुत्रा दिसतो.
3. तुमचा कुत्रा त्याला बघतो.
4. बघितल्यानंतर एका सेकंदाच्या आत खाऊ सुरू. एकामागून एक तुकडे.
5. दुसरा कुत्रा दिसेनासा होईपर्यंत खाऊ चालू.
6. दिसेनासा झाला की खाऊ बंद. तुम्हीही गप्प.

बस, एवढंच. तरीही सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, आणि जवळपास प्रत्येक वेळी क्रमामुळे.

खाऊ आधी, कुत्रा नंतर. मालकाला कुत्रा आधी दिसतो, त्याचा हात पिशवीकडे जातो, तुकडा तोंडात पडतो आणि मग कुत्र्याला दुसरा कुत्रा दिसतो. आठवडाभर असं झालं की खाऊची पिशवी ही धोक्याची घंटा होते. पिशवीचा आवाज आला की कुत्रा मान उंच करून शत्रू शोधतो. दुसरा कुत्रा हाच खाऊ येणार असल्याची बातमी व्हायला हवा, उलट नाही.

बघू न देणं. खाऊ नाकाला लावून त्याची मान वळवून पुढे काढणं हा अडचणीच्या वेळचा मार्ग आहे, सराव नव्हे. ज्याने समोरचा कुत्रा पाहिलाच नाही त्याला काय शिकायला मिळणार?

'बस, बस, बस' म्हणणं. भेदरलेल्याला जागेवर खिळवून ठेवलं की तो जास्त भेदरतो. बसायला सांगू नका. त्याला हलू द्या, हुंगू द्या, पाठ फिरवू द्या.

पट्टा आवळणं. हे हाताला आपोआप होतं. पट्टा ताणला की कुत्र्याची छाती उचलली जाते, मान पुढे येते, आणि समोरच्या कुत्र्याला ते आव्हान वाटतं. मी माझ्या हाताला लावलेली सवय अशी: कुत्रा दिसला की आधी खोल श्वास सोडायचा आणि कोपर अंगाला टेकवायचं. कोपर अंगाला टेकलं की हात ओढत नाही.

लांबवणं. पाच ते दहा मिनिटं पुरेत. दोन-तीन कुत्रे शांतपणे बघून झाले की घरी. 'आज छान चाललंय, अजून एक' असं म्हणून थांबलं की त्या शेवटच्या एकावरच बिनसतं. आठवड्यातून तीन-चार दिवस सराव, मध्ये रिकामे दिवस.

'भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर भुंकण्याला बक्षीस नाही का?' हा प्रश्न हमखास येतो. इथे भुंकण्याचा मोबदला देत नाही आहोत, समोरचा कुत्रा दिसल्यावर पोटात काय वाटतं ते बदलत आहोत. भीती खाऊने वाढत नाही. पण भुंकतोय म्हणजे जवळ आलात, एवढं नक्की. आधी मागे सरका, मग पुढचं.

काही दिवसांनी, कुणाला दहा, कुणाला चाळीस, एक गोष्ट दिसेल. तो दुसऱ्या कुत्र्याला बघेल आणि मान वळवून तुमच्याकडे बघेल: खाऊ कुठाय? आमच्या कुत्रीच्या बाबतीत पहिल्यांदा हे घडलं तेव्हा तिच्या कानांची टोकं अजून पुढेच होती, पण मान वळलेली होती आणि तोंड उघडं. मी खिशात होतं ते सगळं तिच्यापुढे ओतलं.

हे दिसायला लागलं की पद्धत थोडी बदला. तो बघेल तेव्हा लगेच देऊ नका, दोन सेकंद थांबा. स्वतः वळला की 'हो' म्हणा आणि द्या. वळला नाही तर अंतर कमी पडतंय. मागे जा आणि आधीच्याच पद्धतीने द्या. कुत्रा अधीर प्रकारातला असेल तर कधी कधी खाऊऐवजी 'जा, हुंग' म्हणून जवळच्या झुडपाकडे पळू देणं हेही बक्षीस चालतं.

## टप्पा ८: अंतर कमी करणं

सलग पाच सराव एकदाही न भुंकता झाले की दोन-तीन पावलं पुढे या. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. अंतर कमी केलं असेल तर बघण्याचा वेळ कमी ठेवा. पळणारा कुत्रा असेल तर अंतर पुन्हा वाढवा. समोरून सरळ अंगावर येणारा कुत्रा सगळ्यात अवघड, कडेने जाणारा त्याहून सोपा, पाठमोरा सगळ्यात सोपा. रस्त्यावर समोरून कुणी येत असेल तर सरळ न जाता अर्धवर्तुळ घेऊन बाजूने जा. शांत कुत्रे एकमेकांजवळ असेच वळसा घेऊन जातात.

एका आठवड्यात दोनदा बिनसलं तर आधीच्या अंतरावर परत. हे मागे जाणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं. आजारपण, घर बदलणं, एखाद्या मोकळ्या कुत्र्याने केलेला हल्ला, यांनंतर तर येतंच.

## टप्पा ९: दुसऱ्या कुत्र्याबरोबर चालणं (गरज असेल तरच)

प्रत्येक कुत्र्याला मित्र असलेच पाहिजेत असं नाही. रस्त्याने शांतपणे जाता येणं, हे पूर्ण यश आहे. पण नातेवाइकांचा किंवा शेजारचा एखादा कुत्रा वारंवार भेटणारच असेल तर हे करा.

समोरचा कुत्रा पोक्त आणि थंड स्वभावाचा हवा. प्रत्येक कुत्र्याला एक माणूस. तुमच्या कुत्र्याला मझल. वीसेक मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने समांतर चाला. माणसं आतल्या बाजूला, कुत्रे बाहेरच्या. दहा मिनिटांनी निघा. दुसऱ्या दिवशी तसंच. अंतर काही दिवसांत हळूहळू कमी करा. मध्येच तुमचा कुत्रा मागे ठेवून दुसरा जिथून गेला तिथली जमीन हुंगू द्या. प्रत्यक्ष भेटीआधी वासाची ओळख होऊ देण्याचा फायदा होतो.

जवळ येणार असतील तर तोंडासमोर तोंड नको. बाजूने, पट्टे सैल, तीन सेकंद, आणि 'चल वळू'. कुणी ताठरलं तर त्या दिवसापुरतं संपलं. 'सोडून द्या, आपापसांत मिटवतील' असा सल्ला हमखास मिळेल, ऐकू नका. त्यात एक जण शिकतो की आपल्याला वाचवायला कुणी येत नाही.

## टप्पा १०: अचानक गाठ पडली तर

मोकळा कुत्रा तुमच्याकडे येतोय: 'चल वळू' म्हणून फिरा. तरी येतच असेल तर तुम्ही दोघांच्या मध्ये या आणि मूठभर खाऊ त्याच्या तोंडाच्या दिशेने फेका. तो खाईपर्यंत निघून जा. धावू नका. उभी गाडी, भिंत, झुडूप, जे आडोशाला मिळेल त्यामागे जा आणि 'शोध' म्हणून खाऊ विखरा.

भांडण जुंपलंच तर:

- कॉलर पकडायला हात घालू नका. माणसांना बहुतेक चावे इथेच बसतात, आणि चावणारा अनेकदा स्वतःचाच कुत्रा असतो.
- जोरात धातूचा आवाज, तोंडावर पाणी, अंगावर चादर, दोघांच्या मध्ये फळी किंवा खुर्ची, यांपैकी हाताशी असेल ते वापरा.
- दोन माणसं असतील तर एकाच वेळी प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून उचला आणि मागे, किंचित वळत चला. वळत राहिलात तर कुत्र्याला मागे फिरून तुम्हाला चावता येत नाही. मध्ये दार येईपर्यंत सोडायचं नाही.
- एकाने दात रुतवून धरलं असेल तर ओढू नका, मांस फाटतं. पकड सैल झाली की मगच वेगळे करा.

नंतर केस बाजूला करून सगळं अंग चाचपा. दाताचं भोक वरून छोटं दिसतं, आतली इजा मोठी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माणसाला चावा किंवा ओरखडा असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी पुढे काय करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

## घरातलेच दोन कुत्रे भांडत असतील तर

इथे अंतर शोधायला मैदान नसतं, म्हणून आधी दारं वापरा. जेवण, चघळण्याच्या वस्तू, झोपण्याची जागा, सगळं वेगळं. दाराशी, पाहुणे आल्यावर, तुम्ही कामावरून घरी शिरताना, अशा गडबडीच्या क्षणी दोघांना वेगळं ठेवा, कारण भांडणं बहुतेक तेव्हाच पेटतात. घरी कुणी नसताना एकत्र सोडायचं नाही. जखमा झाल्या असतील तर पुन्हा भेट घडवण्याआधी वर्तनतज्ज्ञाला बोलवा. घरातलं भांडण रस्त्यावरच्यापेक्षा लवकर चिघळतं.

## दोन-तीन महिन्यांनीही काही हलत नसेल तर

आधी वही उघडा. खाऊ कुत्रा दिसल्यानंतर येतोय का, अंतर खरंच पुरेसं आहे का, मधले दिवस रिकामे मिळतायत का, हे तपासा. सरावाचा व्हिडिओ काढून पाहिलात तर हाताची चूक स्वतःलाच दिसते. हे सगळं ठीक असूनही कुत्रा घराबाहेर पाऊल टाकल्यापासून ताणातच असेल, खाऊला कुठेच तोंड लावत नसेल, तर डॉक्टरांशी औषधांबद्दल बोला. फ्लुओक्सेटीनसारखी चिंता कमी करणारी औषधं कुत्र्यांनाही देतात. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सराव त्यांच्या जोडीनेच करावा लागतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. माणसाची गोळी मोडून द्यायची नाही, आणि सुरू केलेलं औषध त्यांना न विचारता एकदम थांबवायचंही नाही.